जुन्या आय५ साठी स्वस्तातला मदरबोर्ड शोधताना (माझा अनुभव)

मी डोंबिवलीला घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, कधीतरी एखादी स्मरणिका. मशीन असेंबल केलेलं आहे, आय५-४४६० म्हणजे इंटेलची चौथी पिढी, २०१४ चा प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य चिप) मदरबोर्ड, डीडीआर३ च्या चार-चार जीबीच्या दोन रॅम, मध्ये कधीतरी टाकलेली साटा एसएसडी, आणि विंडोज ७. हो, सातच. हसायचं असेल तर हसून घ्या, पण माझ्या निम्म्या जुन्या फायली पेजमेकर ७ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, तो २००१ सालचा आहे, आणि मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर यूएसबीच्या डोंगलवर चालतं, म्हणजे ती किल्ली मशीनला लावल्याशिवाय ते उघडतच नाही. पार्टी येते आणि म्हणते की मोठ्या मुलीच्या लग्नात केली होती तशीच पत्रिका करा, फक्त नावं बदला. तेव्हा ती जुनी फाईल उघडावीच लागते.

तर हे मशीन गेल्या पावसाळ्यापासून कुरकुरत होतं. आधी तारीख मागे जायला लागली, ते बॅटरीचं असतं हे माहीत होतं, सीआर२०३२ चा सेल आणला आणि बदलला, तारीख ठीक झाली. मग एक दिवस विंडोजमध्ये रॅम आठऐवजी चारच जीबी दिसायला लागली. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या, जागा बदलून बघितल्या, दोन्ही पट्ट्या पहिल्या स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही चालत नाहीत, म्हणजे स्लॉट गेला. चार जीबीवर काम रेटत होते. त्यानंतर मागचे यूएसबी एकेक करून गेले, आणि तुळशीचं लग्न झाल्यावर, नेमकी पत्रिकांची कामं सुरू झाली तेव्हा, पंखा फिरतोय, लाईट लागलाय आणि डिस्प्ले नाही.

आमच्या इथे एक रिपेअरवाला दादा आहे, त्याच्याकडे कॅबिनेट उचलून नेलं. त्याचं एक मला आवडतं की तो अंदाजाने बोलत नाही. आधी त्याने दुसरा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) लावून बघितला, कारण पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला असं काही नसतं, मग माझ्याच एसएमपीएसचं १२ व्होल्टचं रीडिंग मीटरवर दाखवलं, ते ११.४ ते १२.६ च्या मध्ये असलं की चालतं, माझं होतं. एसएसडी दुसऱ्या मशीनला लावली तर सगळा डेटा दिसला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आणि शेवटी माझा प्रोसेसर काढून त्याच्याकडच्या एका बोर्डवर बसवला तर लगेच डिस्प्ले. हे शेवटचं करून घेणं फार महत्त्वाचं आहे बरं का, नाहीतर बोर्ड आणायचा आणि मग कळायचं की प्रोसेसरच गेलाय. प्रोसेसर सहसा जात नाही, पण सहसा म्हणजे शंभर टक्के नव्हे.

दादा म्हणाला, "ताई, चिप लेव्हलला, म्हणजे बोर्डवरचे बारीक भाग बदलून दुरुस्तीला, देऊन बघू शकता, बारा-पंधराशेत होईल, पण गॅरंटी तीस दिवसांची." तीस दिवसांनी म्हणजे ऐन लग्नसराईत परत तेच, आणि स्लॉट, यूएसबी, डिस्प्ले असं एकामागोमाग एक जाणारा बोर्ड एका ठिकाणी नीट करून किती दिवस टिकणार. नको म्हटलं.

घरी सुरुवात झाली ती नेहमीच्या सल्ल्यांनी. हे म्हणाले, "जाऊ दे ना, लॅपटॉप घेऊन टाक." भाचा आयटीत आहे पुण्याला, त्याला फोन केला तर तो म्हणे, "मावशी, चौथ्या पिढीवर आता पैसे घालू नकोस, एच६१० बोर्ड आणि आय३-१२१०० घे, तुझ्या आय५ पेक्षा कितीतरी फास्ट आहे." खरंच आहे ते, त्यात वाद नाही. पण त्याने लिहून दिलेल्या यादीची मी बेरीज केली तर बोर्ड, प्रोसेसर, डीडीआर४ रॅम असं करत वीस हजारांच्या वर जात होतं. माझी डीडीआर३ तिथे चालत नाही, त्यामुळे ती फुकट, आणि नवीन रॅम घ्यायची तर २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव असे काही चढले की विचारू नका. एआयच्या डेटा सेंटरवाल्यांना मेमरी हवी, कंपन्या तिकडे माल वळवतायत, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रूशियल हा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड बंद करतोय असं जाहीरच केलं. कुठे अमेरिकेतले डेटा सेंटर आणि कुठे माझ्या पत्रिका, पण झळ बसतेच.

आणि भाच्याच्या यादीत एक गोष्ट नव्हती ती म्हणजे विंडोज ७. इंटेलच्या सातव्या पिढीपासून पुढे विंडोज ७ ला सपोर्टच नाही. सहाव्या पिढीच्या बोर्डवर टाकता येतं पण सेटअपच्या वेळी यूएसबीचे कीबोर्ड-माऊसच चालत नाहीत, कारण त्या चिपसेटमधून जुना यूएसबी कंट्रोलर काढून टाकला आणि विंडोज ७ च्या डिस्कमध्ये नव्याचा ड्रायव्हर नसतो, मग आधी तो ड्रायव्हर घुसवलेला पेन ड्राईव्ह बनवा वगैरे. उलट विंडोज ११ घ्यायचं तर प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी भाच्याला म्हटलं, "अरे, मला मशीन फास्ट नकोय, मला माझं डोंगल आणि माझ्या फायली चालायला हव्यात." त्यावर तो जरा गप्प झाला आणि मग म्हणाला, "मग तुला सेम सॉकेटचाच बोर्ड लागेल." सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा.

इथे मला जे कळलं ते असं, की बोर्डची किंमत बघून बोर्ड निवडायचाच नसतो. आधी कागदावर लिहायचं की काय काय टिकवायचंय. माझ्या कागदावर प्रोसेसर, दोन्ही रॅम, एसएमपीएस, विंडोज ७, डोंगल, आणि व्हीजीए केबलवाला जुना मॉनिटर होता. एवढं लिहिल्यावर बाजारातले नव्वद टक्के बोर्ड आपोआपच गळतात आणि उरलेल्यातच भाव करायचा.

माझ्या प्रोसेसरचं सॉकेट एलजीए ११५०. ऑनलाइन बघायला गेलं की सगळ्यात स्वस्त दिसतो तो एच६१ चा बोर्ड, आणि वर मोठ्या अक्षरात आय३ आय५ आय७ सपोर्ट असं लिहिलेलं असतं. तो घ्यायचा नाही, तो एलजीए ११५५ म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा. पाच पिनांचाच फरक दिसतो पण खाचा वेगळ्या, प्रोसेसर बसतच नाही. एलजीए ११५० साठी मला एच८१ किंवा बी८५ हवा होता. बी८५ जास्त चांगला, चार रॅम स्लॉटवाले मिळतात, पण आता ते जुनेच, कुठून तरी काढलेले. एच८१ मध्ये दोन स्लॉट, १६ जीबीपर्यंत रॅम, मला तेवढं बास.

मग जुना घ्यायचा की नवा हा प्रश्न. जुन्यात दोन प्रकार. एक म्हणजे नावाजलेल्या कंपन्यांचे वापरलेले एच८१, ते चांगले असतात पण त्यांचं वय माझ्या मेलेल्या बोर्डएवढंच. शिवाय आय५-४४६० हा चौथ्या पिढीतला नंतर आलेला प्रोसेसर असल्यामुळे ज्या बोर्डवर सुरुवातीचं बायोस (बोर्डमधलंच मूळ सॉफ्टवेअर) असेल तिथे ते आधी अपडेट करावं लागतं, आणि अपडेट करायला त्याच्याही आधीचा प्रोसेसर पाहिजे, म्हणजे पंचाईत. दुसरा प्रकार म्हणजे ऑफिसमधल्या ब्रँडेड मशीनमधून काढलेले बोर्ड, हे फार स्वस्तात मिळतात आणि दिसायला एकदम मजबूत, पण त्यांच्यात बऱ्याचदा २४ पिनचं कनेक्टरच नसतं, पॉवरची पिन वेगळी, पुढच्या बटणाची पिन वेगळी. आपल्या साध्या एसएमपीएसला ते लावायचं तर कन्व्हर्टर शोधा, आणि कॅबिनेटमध्ये भोकं जुळतील याचीही खात्री नाही.

नवे म्हणाल तर झेब्रॉनिक्ससारख्या भारतीय ब्रँडच्या नावाने एच६१, एच८१ चे नवे बोर्ड अजून मिळतात. आकाराने छोटे, हलके, पण बॉक्समध्ये, बिलासकट, वॉरंटीसकट. भाचा नाक मुरडत होता, मी मात्र मनात तेच धरलं होतं, कारण मला पुढची दोनतीन वर्षं काढायचीयत, बोर्ड काही वारसा म्हणून द्यायचा नाहीये.

ऑनलाइन मागवता आला असता, पण समोर चालवून बघायचं होतं म्हणून मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. जुना प्रोसेसर डबीत घालून आणि एक रॅम अँटिस्टॅटिक पाकिटात घालून सोबत घेतली. डोंबिवलीहून फास्ट पकडून दादर, आणि दादरहून वेस्टर्नची स्लोच पकडायची, फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

पहिल्या दुकानात "एच८१? मॅडम, वो तो पुराना हो गया" एवढंच ऐकायला मिळालं, दुसऱ्याने न विचारता बाराव्या पिढीचं कॉम्बो कोटेशन हातात ठेवलं. अशी दोनचार दुकानं झाल्यावर एका गाळ्यात एक मराठी काका भेटले. त्यांनी आधी विचारलं काम काय करता, आणि डोंगल म्हटल्यावर हसून म्हणाले, "यूएसबीचं आहे ना? मग तुम्ही सुटलात." त्यांच्या ओळखीच्या एका प्रेसवाल्याचं डोंगल पॅरलल पोर्टचं (जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टचं), तो पोर्ट नव्या बोर्डवर नाही आणि यूएसबीला लावायची जी केबल मिळते ती प्रिंटरपुरती असते, डोंगल तिच्यावर ओळखलं जात नाही. तो माणूस अजून जुने बोर्ड गोळा करतोय म्हणे.

काकांकडे एच८१ चे दोन होते. एकात एनव्हीएमईचा (साटापेक्षा जलद एसएसडीचा) स्लॉट होता आणि तो पाचशेने महाग. तो नको म्हटलं, कारण एच८१ चिपसेटवर पीसीआयई २.० ही जुनी, हळू जोडणी आहे, एनव्हीएमईचा खरा वेग मिळणारच नाही, आणि विंडोज ७ मध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हरही आधीपासून नसतो. साध्यावर व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही होतं. भाव एकतीसशे सांगितला, बिल नको असेल तर थोडं कमी होईल असंही म्हणाले, मी म्हटलं काका, बिल पाहिजेच, वॉरंटी कशावर मागू. शेवटी जीएसटीसकट एकोणतीसशेला ठरला.

पैसे द्यायच्या आधी सॉकेटचं प्लॅस्टिकचं झाकण त्यांच्यासमोर काढून पिना बघितल्या. इंटेलच्या या बोर्डांत पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डला असतात, केसासारख्या बारीक, आणि एकही वाकडी निघाली तर वॉरंटीत घेत नाहीत. मोबाईलची टॉर्च तिरकी धरली की सगळ्या एका रांगेत चमकायला पाहिजेत. मग काकांनी टेबलावरच माझा प्रोसेसर आणि रॅम लावून डिस्प्ले दाखवला, दोन्ही स्लॉटमध्ये रॅम फिरवून दाखवली, ते मी मुद्दाम करायला लावलं.

बसवायला दादाकडेच दिलं पण शेजारी बसून राहिले. जुना बोर्ड काढायच्या आधी पुढच्या पॅनलच्या बारक्या वायरींचे फोटो काढून ठेवले होते, पॉवर, रिसेट, एलईडी, कारण नव्यावर त्यांची जागा वेगळी निघाली. हा बोर्ड जुन्यापेक्षा अरुंद आहे, त्यामुळे उजव्या कडेला खाली आधाराचा स्क्रूच येत नाही आणि २४ पिनचं कनेक्टर दाबताना बोर्ड वाकतो. दादाने खालून बोटाचा आधार देऊन ते बसवलं. आणि जुन्या बोर्डसाठी असलेले पितळी स्टँड, जे आता कुठल्याच भोकाखाली येत नव्हते, ते काढून टाकले, नाहीतर मागून शॉर्ट होऊ शकतं. प्रोसेसरची जुनी पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. ४ पिनची वेगळी पॉवर केबल प्रोसेसरच्या बाजूला असते ती विसरू नये, ती राहिली तर पंखा फिरतो आणि डिस्प्ले येत नाही आणि माणूस परत बोर्डलाच शिव्या देतो. एसएसडी सहा जीबीपीएसच्या साटा पोर्टला लावली, एच८१ मध्ये तसे दोनच असतात, बाकीचे दोन हळू.

फॉरमॅट मारायला लागेल असं सगळे म्हणत होते, नाही लागलं. चिपसेट तोच असल्यामुळे विंडोज सरळ सुरू झालं. त्याआधी बायोसमध्ये बूट लेगसीवर (जुन्या पद्धतीवर) ठेवलं आणि साटा जुन्यासारखंच एएचसीआयवर, यात घोळ झाला की निळा स्क्रीन येतो. लॅनचा ड्रायव्हर तेवढा मागितला, तो दुसऱ्या मशीनवरून पेन ड्राईव्हमध्ये आधीच घेऊन ठेवला होता. विंडोजचं अॅक्टिव्हेशन परत करावं लागलं, माझी रिटेल कॉपी आहे म्हणून जमलं, मशीनबरोबर आलेली ओईएम असती तर ती जुन्या बोर्डशीच बांधलेली असते. डोंगल लावलं, लाल दिवा लागला, पेजमेकर उघडला, आणि आठ जीबी रॅम दिसली.

सगळंच गोड नाही. स्लीपमध्ये टाकलं की कधीकधी उठत नाही, म्हणून मी स्लीप बंदच केलंय. बायोसमध्ये सेटिंग्ज फारच कमी आहेत आणि पंखा सतत एकाच वेगाने घुमतो. आवाजाची सवय होईल.

आता या मशीनवरचं इंटरनेट काढून टाकलंय, विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० लाच बंद झालेत, त्यामुळे पार्टीचे मेल आणि व्हॉट्सॲप ह्यांच्या लॅपटॉपवर बघते आणि मॅटर पेन ड्राईव्हने इकडे आणते, स्कॅन करूनच. जुन्या फायली युनिकोडमध्ये (डोंगलशिवाय सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांत) आणायचं काम हळूहळू सुरू केलंय, पण जोडाक्षरं आणि रफार इतके इकडेतिकडे होतात की प्रत्येक पत्रिका परत वाचावी लागते, त्यामुळे ते आपलं लग्नसराई संपल्यावर. बिलाचा फोटो काढून ठेवलाय, थर्मल पेपरवरची अक्षरं वॉरंटी संपायच्या आधीच उडतात.