धुण्याचा दगड

आमच्या परसातला धुण्याचा दगड वीरगळ निघाला, तेव्हा आत्याचा पहिला प्रश्न होता, "मग आता धुणं कुठं आपटायचं?"

प्रश्न रास्त होता. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीला उभा केलेला कोरीव दगड, त्यावर आता धुणं आपटता येणार नव्हतं. त्या दगडावर माझ्या आजीनं धुतलं, आईनं धुतलं आणि गेली तीस वर्षं आत्या धुतेय. मधोमध थोडा खोलगट, कडेला गुळगुळीत, पाणी बरोबर आळवाकडं उतरणारा. असा दगड मागून मिळत नाही. आणि त्याच्यावर संक्रांत आणली मीच.

त्याचं असं झालं, की दोन वर्षांपासून मी साताऱ्यातल्या काही मंडळींबरोबर रविवारी गावोगाव हिंडतो. जुन्या बारवा, समाध्या, वीरगळ साफ करायचे, हा आमचा उद्योग. एक निवृत्त मास्तर, दोन कॉलेजची पोरं, एक मेडिकलवाला, एक प्लंबर आणि मी. इतिहासाची पदवी एकाकडेही नाही; बोलताना मात्र सगळे थेट यादवांच्या दरबारातून उठून आल्यासारखे बोलतात. हत्यारं साधी. बारवेसाठी घमेली, टिकाव आणि दोर. दगडासाठी काथ्याचा कुंचा, बांबूच्या काड्या आणि पाणी. मास्तरांचे नियम कडक आहेत. तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही, ऑइलपेंट नाही, शेंदूर तर अजिबात नाही. सरकारी संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून बोटही लावायचं नाही.

पहिल्या बारवेत उतरलो तेव्हा वाटलं होतं, शिलालेख सापडेल. सापडल्या त्या गुटख्याच्या पुड्या, निर्माल्याच्या पिशव्या आणि देवांच्या फुटक्या फ्रेमी. काच फुटलेला देव घरात ठेववत नाही, उकिरड्यावर टाकवत नाही, मग जातो बारवेत. त्या दिवशी चौदा घमेली तर नुसते देव वर काढले. अशा दिवशी मला साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर हटकून आठवते. विरूबाईंनी ती शके १६४१ ते १६४६ या काळात बांधून घेतली, म्हणजे इसवी सनाच्या १७१९ ते १७२४ मध्ये, आणि तसं दगडात कोरूनही ठेवलं. बांधणाऱ्या बाईचं नाव तीनशे वर्षं टिकलं. आत कचरा टाकणाऱ्यांची नावं टिकणार नाहीत, एवढंच समाधान.

तर आमचा दगड. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. मंडळी एकदा घरी चहाला थांबली होती. मास्तर हात धुवायला परसात गेले आणि बशी हातात घेऊन तिथंच उकिडवे बसले. दगडाच्या कडेला, मातीत रुतलेल्या भागावर, त्यांना बोटभर नक्षी दिसली होती. मग पहार आली, खाली घालायला बांबू आले, शेजारचे दोघं आले. तीन हिसक्यांत दगड उलटला. खाली गारेगार माती, पाचसहा गांडुळं आणि त्या मातीत दातांसारखं काहीतरी कोरीव. प्लंबरनं तांब्यानं पाणी सोडलं. माती ओघळली तशी आधी एक गाय आली, मग दुसरी, मग ढाल.

वीरगळ खालून वर वाचतात. तळच्या चौकटीत लढाई आणि गाई, म्हणजे हा गडी गावाची गुरं सोडवताना पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. शिल्पकार गावठीच असावा. अप्सरांचे दंड पैलवानांसारखे आणि गाईंचे चेहरे वीरापेक्षा जास्त बोलके.

पण नाक-डोळे सगळे शाबूत. देवळापुढं उभे केलेले वीरगळ आम्ही पुष्कळ बघितलेत. तेल, शेंदूर आणि रंगाच्या थरांखाली त्यांचे चेहरे पार बुजलेले असतात. आमचा मात्र कोरा करकरीत, कारण आम्ही त्याला पालथा घालून दोन पिढ्या त्याच्या पाठीवर चादरी आपटल्या. मास्तरांना हे काही फारसं रुचलं नाही.

नाव मात्र नाही. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. ज्यांच्यासाठी उभा केला त्यांना नाव ठाऊक होतं, लिहायची गरज काय? संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी दाखवतात, त्याचं खंड्या हे नाव साताऱ्यातलं शेंबडं पोरही सांगतं. गुरांसाठी जीव दिलेल्या माणसाचं नाव त्याच्याच गावात कुणाला माहीत नाही. अपशिंगे मिलिटरी या गावातून पहिल्या महायुद्धाला गेलेले ४६ जण परतले नाहीत. तो आकडा जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्यातली चार नावं सांगा म्हटलं तर बाहेरचा माणूस गप्प.

मीही फार टेंभा मिरवू नये. म्हाळाला गुरुजी बसले, की वडील आणि आजोबा मी धडाधड सांगतो. पणजोबांपाशी आत्याकडं बघतो. त्यापुढं गुरुजीही विचारत नाहीत. तर्पणात शेवटी ज्यांना कुणीच नाही, त्यांच्याही नावानं पाणी सोडतात. लहानपणी मला ती ओंजळ फुकट गेल्यासारखी वाटायची.

पुढचं झटपट झालं. पंचायतीत विषय निघाला, दोन बैठका झाल्या, एकीत भांडण झालं. दगड मारुतीच्या देवळाशेजारी चौथरा करून उभा केला. मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लिहिली: 'वीरगळ. कृपया तेल, रंग, शेंदूर लावू नये.' आत्याला सिमेंटचा नवा कट्टा करून दिला. त्यावर साबण जास्त लागतो आणि बटणं तुटतात, हे मी आठवड्यातून एकदा ऐकतो.

यंदा सर्वपित्रीला गावी गेलो. सकाळी सातलाच मेडिकलवाल्यानं ग्रुपवर फोटो टाकला होता. आमच्या वीराच्या कपाळावर रुपयाएवढा शेंदूर, पायाशी हळदकुंकू आणि केळीच्या पानावर दोन वडे. खाली मास्तरांचे संतप्त अंगठे. 'हे कोणी केले? गावकऱ्यांचे प्रबोधन करावे लागेल.' पोरांनी सीसीटीव्हीपर्यंत गोष्ट नेली.

दुपारी पंगत बसली. गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, खीर. आत्या वाढायला आली.

"अजून एक घे की रं."

मी पान पुढं केलं. वडा ठेवताना तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट नखापर्यंत केशरी दिसलं.

ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही.