मे महिन्यातले सोलापूर आणि सोबतची उपकरणे

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे भाऊ पुण्याहून मोटारीने सोलापूर, अक्कलकोट आणि नान्नज असे तीन दिवस फिरून आलो. भुईकोट किल्ला आणि तळ्यातले सिद्धेश्वर मंदिर यांविषयी बरेच लिहिलेले आहे; मला सांगायचे आहे ते उन्हाने आमच्या मोबाइलचे, पॉवर बँकेचे आणि कॅमेऱ्याचे जे हाल केले त्याविषयी.

मोहोळ मागे पडल्यावर काचेला लावलेल्या मोबाइलचा पडदा आपोआप मंद झाला, चार्जिंग थांबले आणि थोड्या वेळाने तापमानाची सूचना झळकली. नकाशा, पूर्ण उजेडाचा पडदा, चार्जिंग आणि काचेतून येणारे थेट ऊन या चारही गोष्टी एकाच वेळी उष्णता वाढवत होत्या. बहुतेक मोबाइल ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात आणि लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असे मानले जाते. तेव्हा चार्जिंग रात्री मुक्कामावरच उरकावे, नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि मोबाइल एसीच्या झोतासमोर लावावा.

खरे नुकसान अक्कलकोटला झाले. दर्शनाला जाताना पॉवर बँक मोटारीच्या पुढच्या कप्प्यात राहिली. उन्हात बंद उभ्या मोटारीत तापमान ६० अंशांच्या पुढे सहज जाते. दोन तासांनी पाहिले, तर तिचे पोट फुगले होते आणि कडेच्या फटीत नख शिरत होते. बॅटरीत वायू तयार झाला की असे होते. अशी वस्तू पुन्हा चार्ज करू नये, दाबू किंवा टोचू तर मुळीच नये, ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावी. मोटारीतून उतरताना पॉवर बँक आणि लॅपटॉप बरोबर घ्यावेत, मग पिशवी कितीही जड होवो.

सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढता वाढता खानावळीच्या मालकांनी आमचा तापलेला मोबाइल पाहून आपुलकीने सुचवले, "दादा, पाच मिनिटं फ्रिजात ठेवा, गार होईल." त्यांचा हेतू चांगला होता, पण फ्रिजमधून बाहेर काढलेल्या गार उपकरणावर, आणि कधी आतही, दव धरते व ओलाव्याने सर्किट खराब होते. मोबाइल बंद करून, कव्हर काढून पंख्याखाली सावलीत ठेवला आणि पंधरा-वीस मिनिटांत तो नीट झाला.

नान्नजच्या माळरानावर सावली जवळपास नाहीच, म्हणून आम्ही पहाटे गेलो, काळवीट पाहिले आणि नऊच्या आत परतलो. काळा कॅमेरा ऊन फार शोषतो. दोन फोटोंच्या मध्ये त्यावर पांढरा पंचा टाकत होतो. घेतलेला सोलापुरी टॉवेलही कामी आला: खोलीत गार झालेला, बंद केलेला कॅमेरा त्या कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या मधोमध ठेवला, की परतीच्या वाटेवर बराच वेळ तापत नव्हता. चालू किंवा आधीच तापलेले उपकरण मात्र असे गुंडाळू नये, कारण त्याची उष्णता आतच कोंडते.