सभासद-सबडोमेनचे मेल अखेर पोचले: शेपटी तुटलेल्या डीकेआयएमची गोष्ट

एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. मेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे पाहणाऱ्या या तीन चाचण्या: एसपीएफ म्हणजे त्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी, डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, आणि डीमार्क म्हणजे दोन्ही फसल्यास मेलचं काय करायचं याचं धोरण. आपल्या ट्रेकिंग मंडळाच्या साइटवरच्या सभासद-विभागातून निघालेला पासवर्ड-रीसेटचा मेल अखेर जीमेलच्या इनबॉक्समध्ये पडला, याहूच्याही.

मागच्या अपडेटमध्ये गाडी इथेच अडली होती. मुख्य साइटवरचा संपर्क-फॉर्म ठणठणीत, पण ट्रेकच्या नकाशांसाठी ‘सभासद’ हे सबडोमेन (मुख्य डोमेनखालचा वेगळा पत्ता) उघडल्यापासून तिथले सगळे मेल स्पॅममध्ये. होस्टिंग तेच, मेलसर्व्हर तोच, वर्डप्रेसही त्याच आवृत्तीचं. डीएनएस (डोमेनच्या नावाखालच्या नोंदींची वही) मात्र होस्टिंगकडे नाही, डोमेन जिथून घेतलं तिथल्या पॅनेलवर आहे. ही शेवटची बाब लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तपास नेहमीप्रमाणे जीमेलच्या ‘शो ओरिजिनल’पासून. मुख्य डोमेनचा मेल आणि सबडोमेनचा मेल शेजारी शेजारी उघडून ‘ऑथेंटिकेशन रिझल्ट्स’ ही ओळ ताडून पाहायची. सबडोमेनच्या मेलमध्ये एसपीएफ ‘नन’, डीकेआयएमला पब्लिक की अवैध असल्याचा शेरा, आणि त्यामुळे डीमार्क फेल. एका आजारामागे दोन कारणं होती. एक बरं केलं तरी मेल पुरते सुधारेनात, कारण दुसरं तसंच राहत होतं.

पहिलं कारण सोपं. एसपीएफ सबडोमेनला वारशाने मिळत नाही. मुख्य डोमेनवर कितीही चोख टीएक्सटी रेकॉर्ड (डीएनएसमधली मजकुराची नोंद) असलं तरी सबडोमेनचं स्वतःचं नसेल, तर तपासणाऱ्याच्या दृष्टीने तिथे काहीच नाही. डीमार्कचं नेमकं उलटं: सबडोमेनवर वेगळं रेकॉर्ड नसेल तर मुख्य डोमेनचं धोरण खाली लागू होतं. आपल्याकडे मुख्य डोमेनवर ‘क्वारंटाइन’ होतं, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये टाका. म्हणजे शिक्षा वारशाने आली, संरक्षण आलं नाही. त्यात वर्डप्रेसची भर अशी, की प्रेषकाचा पत्ता ठरवून दिला नसेल तर ते साइटच्या नावावरून ‘वर्डप्रेस ॲट सभासद-डॉट-मूळडोमेन’ असा पत्ता आपला आपण तयार करतं. फॉर्म मुख्य साइटवर होता तोवर हे बोचलं नाही.

सबडोमेनसाठी एसपीएफचं वेगळं टीएक्सटी घातलं. इथे दोन पथ्यं. एका नावावर एसपीएफचं रेकॉर्ड एकच हवं. दोन झाली की ‘पर्मएरर’ (कायमची चूक), मग दोन्ही निकामी. आणि इन्क्लूड (दुसऱ्याची यादी आपल्यात जोडणं), ए, एमएक्स वगैरे नोंदी मिळून डीएनएसच्या १० चौकश्यांची मर्यादा आहे. न्यूजलेटरवाले, फॉर्मवाले, ऑफिस-मेलवाले अशा तिघाचौघांची इन्क्लूड जोडली की ती बघता बघता ओलांडली जाते.

आता दुसरं कारण, ज्याने खरा जीव खाल्ला. आपला मेलसर्व्हर प्रत्येक सबडोमेनला डीकेआयएमची वेगळी जोडी (सही करणारी खासगी की आणि ती तपासणारी पब्लिक की) बनवतो. डीएनएस बाहेर असल्यामुळे त्यातली पब्लिक की हाताने नेऊन चिकटवावी लागते. चिकटवली. ऑनलाइन चेकरने ‘रेकॉर्ड सापडलं’ म्हणून हिरवी खूण दिली. जीमेल मात्र की अवैध म्हणतंय. रेकॉर्डचं नाव पाहिलं, कारण काही पॅनेल डोमेन आपोआप पुढे जोडतात आणि नाव ‘डॉट-मूळडोमेन-डॉट-मूळडोमेन’ असं दुहेरी होतं. तेही बरोबर. सिलेक्टर (कोणती की वापरायची ते सांगणारं नाव) बरोबर. टीटीएल (जुनं उत्तर कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, राहण्याची मुदत) उलटून गेलेला.

मग ‘डिग’ या डीएनएस तपासणाऱ्या कमांडने टीएक्सटी मागवून अक्षरं मोजली. डीएनएसमध्ये टीएक्सटीचा एक तुकडा २५५ अक्षरांचाच असू शकतो. २०४८ बिटांची पब्लिक की बेस६४ (बायनरी माहिती अक्षरांत लिहिण्याची पद्धत) मध्ये ३९२ अक्षरांची होते, वर आवृत्ती आणि प्रकाराची जोडणी. ती दोन तुकड्यांत, दोन वेगळ्या अवतरणांत घालावी लागते. वाचणारा ते तुकडे मध्ये जागा न सोडता जोडून घेतो. चांगली पॅनेल हे तुकडे स्वतः पाडतात. आपल्या पॅनेलने २५५ नंतरचं सगळं गुपचूप छाटलं होतं, ना चूक दाखवली ना सूचना. मुख्य डोमेन का चाललं तेही उलगडलं: तिथली की जुनी, १०२४ बिटांची. ती २१६ अक्षरांत मावते, म्हणून कात्री लागलीच नाही.

यातून एक खूण हाती लागली, वहीत लिहून ठेवण्याजोगी. आरएसए या पद्धतीच्या नेहमीच्या कीचा घातांक ६५५३७ असतो. त्यामुळे २०४८ बिटांची पब्लिक की नेहमी आय, डी, ए, क्यू, ए, बी या सहा अक्षरांवर संपते. डिगच्या उत्तरात शेवटी ही सहा दिसली नाहीत की समजायचं, शेपटी तुटली. चेकरच्या हिरव्या खुणेपेक्षा ही तपासणी भरवशाची. कित्येक चेकर रेकॉर्ड आहे की नाही एवढंच बघतात, की खरंच उघडून पाहत नाहीत.

दोन अवतरणांत तुकडे करून घातल्याबरोबर डीकेआयएम पास.

इथवर लिहिताना एक विचार आला आणि पुढचा बेत बदलला. सबडोमेनने स्वतःच्या नावाने मेल पाठवायचेच कशाला? सभासदाला तो मेल मंडळाकडून आला एवढंच दिसायला हवं. वर्डप्रेसमध्ये प्रेषकाचा पत्ता बदलणारा फिल्टर आहे. छोट्या प्लगइनमध्ये दोन ओळी टाकून तिथेही मुख्य डोमेनचाच पत्ता लावायचा. फक्त एक बघायचं: एसपीएफ तपासतो पाकिटावरचा पत्ता, आतल्या कागदावरचा नाही. होस्टिंगच्या साध्या मेल-फंक्शनने गेलेल्या मेलवर बहुतेक वेळा सर्व्हरच्या खात्याचा पत्ता असतो. तेव्हा मेल एसएमटीपीने, म्हणजे मेलसर्व्हरवर लॉगिन करून, पोर्ट ५८७ किंवा ४६५ वरून पाठवायचे. हे जमलं की सबडोमेनच्या एसपीएफमध्ये नुसतं ‘मायनस ऑल’, म्हणजे या नावाने कोणीच मेल पाठवत नाही. मुख्य डोमेनलाही २०४८ ची की द्यायची, पण नव्या सिलेक्टरवर. जुना सिलेक्टर काही दिवस राहू द्यायचा, म्हणजे वाटेतले मेल तपासताना अडत नाहीत.

संपर्क-फॉर्मबद्दल थोडक्यात. ‘फ्रॉम’मध्ये पाहुण्याचा पत्ता घालणारी उदाहरणं अजूनही जागोजागी सापडतात. तसं करू नका. याहूने २०१४ च्या एप्रिलमध्ये डीमार्क ‘रिजेक्ट’ केलं, तेव्हापासून याहूचा पत्ता लावून आपल्या सर्व्हरवरून गेलेला मेल समोरचा दारातूनच परत पाठवू शकतो. फ्रॉम आपला, रिप्लाय-टू पाहुण्याचा. काँटॅक्ट फॉर्म ७ आलेले संदेश साठवत नाही. त्याच लेखकाचं फ्लेमिंगो सोबत टाकलं की मेल हरवला तरी मजकूर डेटाबेसमध्ये राहतो. या भानगडीत तेवढ्यानेच लाज राखली. बॉट पकडायला लपवलेलं फील्ड ठेवत असाल तर त्याला ऑटोकम्प्लीट बंद करा आणि टॅबइंडेक्स उणे १ द्या. नाहीतर ब्राउझर ते आपोआप भरतो आणि खरा माणूसच बॉट ठरतो.

सभासद-विभागात दोन गोष्टी. सभासदत्वाचं प्लगइन पान झाकतं, फाइल झाकत नाही. नकाशाच्या पीडीएफची थेट लिंक कोणी व्हॉट्सॲपवर टाकली तर ती लॉगिनशिवाय उघडते. म्हणून पीडीएफ आणि जीपीएक्स (जीपीएसवरच्या वाटेच्या फाइल) वेबरूटच्या, म्हणजे वेबवरून थेट उघडणाऱ्या फोल्डरच्या, बाहेर हलवल्या. लॉगिन तपासून फाइल देणारी छोटी स्क्रिप्ट मध्ये बसवली, उत्तरासोबत कॅशेसाठी ‘प्रायव्हेट, नो-स्टोअर’. एचटीॲक्सेसवर (फोल्डरमधल्या नियमांच्या फाइलवर) भागवायचं तर सर्व्हर अपाचे आहे ना ते आधी बघा. एनजिन्क्स ती फाइल वाचतच नाही.

दुसरी कुकीची, म्हणजे ब्राउझरमध्ये राहणाऱ्या लॉगिनच्या खुणेची. मुख्य साइटच्या माथ्यावर ‘नमस्कार, अमुक’ दिसावं अशी मागणी होती. त्यासाठी कुकी अख्ख्या डोमेनची करायची, दोन्हीकडे सॉल्ट (कुकीवर सही करायची गुप्त अक्षरं) तेच, यूझर-टेबल तेच, कुकीच्या नावातला हॅशही तोच. होतं, पण मग तीच कुकी ‘चाचणी’ या सबडोमेनलाही जाते, जिथे अर्धवट प्लगइनांचा बाजार भरलेला असतो. शिवाय मुख्य साइटची पानं कॅशेतून निर्धास्त देता येत नाहीत. ती मागणी रद्द केली, माथ्यावर साधी ‘सभासद प्रवेश’ लिंक ठेवली.

नवं सबडोमेन काढणाऱ्यांसाठी: रेकॉर्ड घालण्याआधी उत्सुकतेने ते नाव ब्राउझरमध्ये उघडू नका. ‘असं नाव नाही’ हे उत्तरही कॅशे होतं, त्याची मुदत एसओए रेकॉर्डवर (डोमेनच्या मूळ नोंदीवर) ठरते, आणि मग रेकॉर्ड घालूनही बराच वेळ काही दिसत नाही. एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राची घाईही तितकीच नडते. ते फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टकडे एका नावाची पडताळणी तासात ५ वेळा फसली की थांबावं लागतं. आधी त्यांच्या स्टेजिंगवर (सरावाच्या सर्व्हरवर) चालवून बघा. प्रमाणपत्र ९० दिवसांचं आणि २०२५ च्या जूनपासून मुदतीची आठवण देणारे मेल बंद झालेत, तेव्हा नूतनीकरणाचं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चालतंय का ते स्वतःच पाहायचं.

मेल सुटले आणि लगेच नवं प्रकरण निघालं. सभासद-यादीत ‘कऱ्हाडकर’ शोधलं तर काही सापडतात, काही नाहीत, आणि पडद्यावर सगळे सारखेच दिसतात. हा ‘ऱ्ह’ दोन प्रकारे साठवला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि अदृश्य झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी खूण). युनिकोडचं एनएफसी (समतुल्य रूपं एकसारखी करणारा नियम) हे दोन एक करत नाही, कारण त्याच्या लेखी ते समतुल्य नाहीत. म्हणून साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी र-हलंत-झेडडब्ल्यूजेच्या जागी ऱ-हलंत अशी अदलाबदल स्वतः करावी लागेल. सदस्यनावात मात्र देवनागरीच्या फंदात पडू नका. वर्डप्रेसची नोंदणी ती अक्षरं स्वीकारत नाही. लॉगिन ईमेलने, देवनागरी फक्त दिसणाऱ्या नावात. जुन्या यादीवर ही अदलाबदल पुढच्या आठवड्यात चालवणार, अर्थात डेटाबेसची प्रत काढून आणि आधी ‘चाचणी’वर.