व्हिएन्नात जानेवारी, अंगात ताप आणि एकच चित्र

शनिवारी सकाळी साडेसातला जाग आली तेव्हाच कळलं की आज काही खरं नाही. घसा धरलेला, अंग ठणकतंय, रजईत असूनही हुडहुडी, आणि खिडकीबाहेर अजून नीट उजाडलेलंही नव्हतं. जानेवारीचा शेवटचा शनिवार, म्युनिकला मावसबहिणीकडे आले होते तिथून दोन रात्रींसाठी एकटीच व्हिएन्नाला आलेले, शुक्रवारी संध्याकाळी पोचले आणि रविवारी सकाळची परतीची गाडी, म्हणजे शहर बघायला हातात हा एकच दिवस होता.

सांगलीला फोन केला, आपल्याकडे तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात (हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक). आई म्हणाली, "अगं झोपून राहा, परक्या गावात एकटी पडलीस तर कोण आहे तिथं?" तिचं चुकीचं नव्हतंच. पण मी शाळेत चित्रकला शिकवते, गेली सतरा वर्षं माझ्या वर्गाच्या भिंतीवर ब्रॉयगेल या जुन्या फ्लेमिश चित्रकाराच्या 'बर्फातले शिकारी' या चित्राची एक जुनी कॅलेंडरवरची छापील प्रत आहे, कोपरे दुमडलेली, रंग उडालेली. ते मूळ चित्र व्हिएन्नात आहे म्हणून तर मी हे शहर निवडलं होतं. वहीत अकरा ठिकाणं लिहिली होती, त्यातली दहा काटली आणि ठरवलं की चित्र बघायचंच, बाकी दिवस त्याच्याभोवती जमेल तसा बसवायचा, गरम जागेतून गरम जागेत जायचं, आणि श्वासाला त्रास झाला किंवा ताप ३९ सेल्सिअसच्या वर गेला तर सरळ माघारी फिरायचं. असं आधीच ठरवून ठेवलं की बरं पडतं, एकदा बाहेर पडल्यावर मन ऐकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, औषधं. मी क्रोसिनची पट्टी म्युनिकलाच विसरले होते. ऑस्ट्रियात साधी पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटमध्ये किंवा शाम्पू-साबणाच्या ड्रगस्टोअरमध्ये मिळत नाही, फक्त फार्मसीत मिळते, तिला तिकडे आपोथेके म्हणतात. आणि शनिवारी बऱ्याच आपोथेके दुपारी बारालाच बंद होतात, रविवारी तर पाळीच्या तेवढ्या उघड्या. (बंद फार्मसीच्या दारावर जवळची कुठली चालू आहे ते लावलेलं असतं, ते वाचा, घाबरून जाऊ नका.) त्यामुळे शनिवारी बरं वाटत नसेल तर 'दुपारपर्यंत बघू' असं करू नका, आधी औषध घ्या मग पुढचं. माझं हॉटेल वेस्टबानहोफ या रेल्वे स्टेशनजवळ होतं, मारियाहिल्फर श्ट्रासेवर चालत गेले तर नऊच्या आत आपोथेके सापडली. काउंटरवरच्या बाईंनी इंग्रजीत नीट चौकशी केली, कशाची ॲलर्जी, बीपी, दुसरी काही औषधं चालू आहेत का, आणि मग पॅरासिटामॉल, घशाच्या गोळ्या, नाकाचा स्प्रे आणि थर्मामीटर दिला. आपला ब्रँड तिथे कुणाला माहीत नसतो म्हणून औषधाचं मूळ नाव सांगा. थर्मामीटर सेल्सिअसमध्ये असतो, ३८ म्हणजे आपला शंभर पॉइंट चार, माझा ३८.२ होता. अजून एक, गरम पाण्यात घालून प्यायच्या सर्दीच्या पुड्या मिळतात त्यातल्या बऱ्याच पुड्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच, वर गोळीही घेतली तर डोस डबल होतो, म्हणून दोन्हीपैकी एकच घ्या आणि वेळ लिहून ठेवा. मास्कही तिथेच घेतला, दिवसभर लावला, आपला ताप दुसऱ्याला कशाला द्यायचा.

हॉटेलच्या खोलीत केटल नव्हती, त्यामुळे खाली नाश्त्याच्या जागी जाऊन थर्मासमध्ये गरम पाणी भरून घेतलं. 'हाइसेस वासर, बिट्टं' एवढे तीन शब्द पाठ करा, दिवसभर कामाला येतात. पाण्याची मात्र काळजीच नको, व्हिएन्नाला १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी पाइपलाइनने येतं, नळाचं पाणी तसंच प्यायचं, इतकं गोड पाणी की बाटल्या विकत घेणं म्हणजे पैसे वाया.

गोळी घेऊन, दोन तास परत झोपून, साडेअकराला बाहेर पडले. तापमान शून्याच्या आसपास, पण वारा असा की कानाच्या पाळ्या दुखायला लागल्या. फुटपाथवर घसरू नये म्हणून बारीक खडी टाकलेली असते तरी सावलीत बर्फ गोठून काच झालेली, तेव्हा बूट खोल नक्षीच्या तळाचेच घाला. चोवीस तासांचं एकच तिकीट काढलं, त्यात मेट्रो, ट्राम, बस सगळं येतं. मेट्रोला आपल्यासारखे गेट नसतात, त्यामुळे कागदी तिकीट मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा हे लक्षात ठेवा, नाहीतर तिकीट असूनही दंड. आजारी माणसाला हे तिकीट फार उपयोगी, एक स्टॉप जायला पण विचार करावा लागत नाही.

यू-३ मेट्रोने थेट श्टेफान्सप्लात्झ. श्टेफान्सडोमचं आतलं दार ढकललं आणि मेणबत्त्यांचा वास आला, पण आतही गारठाच, जुनं दगडी चर्च ते. मागच्या भागात तिकीट न काढता जाता येतं, तिथे दहा मिनिटं बसले. दक्षिणेचा बुरूज १३६ मीटर उंच, चढायला ३४३ पायऱ्या, एरवी मी चढलेच असते. उत्तरेच्या बुरुजाला लिफ्ट आहे, वर पुमरिन नावाची अवाढव्य घंटा आहे, पण वरच्या वाऱ्याचा विचार करून तेही सोडलं. बाहेरून छपरावरची रंगीत कौलं मात्र मान वर करून बघितली, त्या नागमोडी पट्ट्या बघून मला पैठणीचा काठ आठवला.

तिथून यू-१ ने एकच स्टॉप श्वेडनप्लात्झ आणि वर येऊन १ नंबरची ट्राम. हे मी तब्येत चांगली असलेल्यांनाही सांगेन. जुन्या शहराभोवती तटबंदी होती, १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफने ती पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागेवर रिंगश्ट्रासे हा रुंद रस्ता झाला, १८६५ मध्ये तो खुला केला. विद्यापीठ, टाउन हॉल, पार्लमेंट, ऑपेरा असं सगळं त्याच रस्त्याला लागून. तुम्ही फक्त गरम ट्राममध्ये खिडकीशी बसायचं, शहर आपणहून समोरून जातं. कुठलीच एक साधी ट्राम पूर्ण गोल फिरत नाही, १ आणि २ मिळून तो गोल होतो. मी अर्धाच केला. टाउन हॉलसमोर हिवाळ्यात मोठं आइस स्केटिंगचं मैदान करतात, पोरं-पोरी, आजोबा, सगळे गोल गोल घसरत होते, एक लहान मुलगी पडून परत उठत होती, आणि ट्राम पुढे गेली तरी मी मान वळवून बघत राहिले.

बुर्गरिंगला उतरून समोरच्या बुर्गगार्टनमध्ये गेले. तिथे काचेचं जुनं पामगृह आहे, त्याच्या एका बाजूला फुलपाखरांचं घर. आत साधारण २६ अंश आणि भरपूर दमट. चष्मा पांढराफटक झाला, पुसला, परत झाला, आणि मग दिसायला लागलं तर केळीची मोठी पानं, पाण्याचा आवाज, निळी मॉर्फो फुलपाखरं डोक्याजवळून जाताहेत. जूनमध्ये मालवणला मामाकडे उतरल्यावर जसं अंगाला ओलं ऊन चिकटतं तसं वाटलं. चोंदलेलं नाक दहा मिनिटांत मोकळं झालं, सकाळपासून पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. मात्र आत शिरतानाच कोट, स्वेटर, टोपी काढून हातात घ्या, कारण घाम आला आणि तसंच बाहेर गारठ्यात गेलात तर दुखणं वाढणार. निघताना पाच मिनिटं दाराशी थांबून अंग सुकवून मग कपडे चढवले. जागा छोटी आहे, अर्धा तास पुरे, हिवाळ्यात दुपारी चारच्या आतच बंद होते.

तिथून रस्ता ओलांडला की कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, १८९१ चं. कोट आणि सॅक खाली ठेवायला लागतात, स्वेटर अंगावर ठेवा. संग्रह प्रचंड आहे, इजिप्तपासून सगळं, पण मी कुणीकडे बघितलं नाही, लिफ्टने सरळ पहिल्या मजल्यावर. (जिना चढू शकणाऱ्यांनी जिन्यानेच जा, वर खांबांच्या मधल्या त्रिकोणांत तरुण क्लिम्टने रंगवलेली चित्रं आहेत, ती मी वरच्या कठड्यावरून बघितली.)

ब्रॉयगेलची बारा चित्रं या एका म्युझियममध्ये आहेत, जगात एका जागी इतकी दुसरीकडे कुठे नाहीत. दालनात शिरले, 'बाबेलचा मनोरा' दिसला, लग्नाची पंगत दिसली, आणि मग ते. ११७ बाय १६२ सेंटिमीटर. माझ्या वर्गातलं कॅलेंडर वहीच्या पानापेक्षा थोडंच मोठं आहे. समोर बसायला मऊ कोच होता, त्यावर बसले आणि पाऊण तास उठले नाही.

१५६५ मधलं चित्र. तीन शिकारी पाठमोरे गावाकडे परतताहेत, खांद्यावर एकच कोल्हा लटकतोय, मागे कुत्र्यांचा कळप माना खाली घालून. त्या कुत्र्यांचा थकवा मला त्या दिवशी पाठीच्या मणक्यातून कळला. डावीकडे खानावळीसमोर जाळ केलाय, डुकराचे केस जाळताहेत, खानावळीची पाटी एकाच कडीवर तिरकी लोंबतेय, हे मला सतरा वर्षांत कधी दिसलं नव्हतं. खाली हिरवट राखाडी गोठलेल्या तळ्यावर लोक घसरताहेत, कुणी पडलंय, आणि मला तासाभरापूर्वीची ट्राममधून दिसलेली मुलगी आठवली. लांब एका घराच्या धुराड्याला आग लागलीय आणि शिडी घेऊन मुंगीएवढी माणसं धावताहेत. पुलावरून एक बाई पाठीवर लाकडांचा भारा घेऊन चाललीय. मुलांना मी कायम सांगायचे की बघा पांढऱ्यावर काळं कसं उठून येतं, पण मूळ चित्रात बर्फ नुसता पांढरा नाहीच, जागोजागी त्याचा रंग वेगळा आहे. छपाईत तो सगळा गेलाय. शाळेत परत गेल्यावर हे पहिलं सांगायचंय.

ही वर्षाच्या ऋतूंची मालिका होती, त्यातली पाच उरलीत, तीन इथेच, एक प्रागला, एक न्यूयॉर्कला. शेजारची दोन बघायला विसरू नका, गुरं परततानाचं आणि ते वादळी, करड्या रंगाचं. जाण्याआधी चित्र जागेवर आहे का ते म्युझियमच्या साइटवर बघा, कधी कधी प्रदर्शनाला हलवतात. आणि हिवाळ्यात सोमवार टाळा, सहसा बंद असतं.

गोळीचा असर उतरायला लागला होता, काहीतरी गरम पोटात जायला हवं होतं. इथे शाकाहारी लोकांसाठी नीट सांगते. आजारी माणसाला कुणीही सूप सुचवेल, पण व्हिएन्नाचं साधं दिसणारं पातळ सूप, ज्यात पॅनकेकच्या पट्ट्या किंवा रव्याचे गोळे असतात, ते बहुतेक गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं, मेन्यूत 'रिंडझुप्पं' दिसलं की समजा. मी भोपळ्याचं क्रीम सूप मागवलं, तेही विचारूनच. मग गुम्पेनडॉर्फर श्ट्रासेवरच्या काफे श्पेर्लमध्ये गेले, १८८० चं कॉफीघर, जुने बिलियर्ड टेबलं, लाकडी दांड्याला लावलेली वर्तमानपत्रं. एक चहा घेऊन तास दीड तास बसलात तरी कुणी उठवत नाही, हीच तिथली रीत आहे, कॉफीबरोबर पाण्याचा ग्लासही आपणहून येतो. आईला चित्राचा फोटो पाठवला. तिने मोठा करून बघितला असणार, कारण उत्तर आलं, "ती खानावळीची पाटी पडेल आता. जेवलीस का?"

संध्याकाळी ऑपेराचं उभं राहून बघायचं स्वस्त तिकीट घ्यायचा विचार होता, तो सोडला, तीन तास उभं राहायची ताकद नव्हती आणि खोकत बसून दुसऱ्यांचं गाणं बिघडवणं पटलं नाही.

पाचच्या आतच सूर्य गेला. शनिवारी सुपरमार्केट सहाला बंद होतात आणि रविवारी मोठ्या स्टेशनांवरची काही सोडली तर उघडतच नाहीत, म्हणून दही, केळी, ब्रेड आणि संत्री घेऊनच खोलीवर गेले. आठला ३७.६. रात्री दोनदा घाम येऊन कपडे बदलावे लागले, एक जास्तीचा सुती टीशर्ट सॅकमध्ये असू द्या.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, पण आपण तो कागद व्हिसा झाला की विसरतो. पॉलिसी नंबर आणि मदतीचा फोन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, मोबाइलची बॅटरी थंडीत भराभर उतरते. डॉक्टरकडे जायचं की नाही कळत नसेल तर १४५० हा आरोग्य सल्ल्याचा नंबर, ॲम्ब्युलन्सला १४४, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. एकट्याने फिरत असाल तर हॉटेलच्या रिसेप्शनला सांगून ठेवा की बरं नाहीये, मी सांगितलं होतं, तर रात्री नऊला त्यांनी फोन करून विचारलं.

आणि म्युनिकची गाडी पकडणार असाल तर तिकिटावर स्टेशन नीट वाचा, काही गाड्या वेस्टबानहोफहून सुटतात आणि काही हाउप्टबानहोफहून. माझी वेस्टबानहोफची होती, सामान ओढत पाच मिनिटांत पोचले, खिडकीची जागा मिळाली आणि लिंझ यायच्या आत झोप लागली.