पातेलं हलणार नाही : 20 लिटरच्या होमब्रूइंग मांडणीची प्रगती-नोंद

घरी बिअर बनवताना (होमब्रूइंग) ठरवलेलं एकच: पाणी भरल्यापासून बिअर केगमध्ये, म्हणजे साठवणीच्या धातूच्या पिंपात, जाईपर्यंत 10 किलोपेक्षा जड काहीही हाताने उचलायचं नाही. मांडणी एकाच पातेल्याची, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) पिशवीत भिजवायच्या पद्धतीची.

आधी वजनं

फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) 20 लिटर हवं असेल तर उलटा हिशोब असा. पातेल्याच्या तळाशी गाळासोबत दीड लिटर राहणार, तासाभराच्या उकळीत साडेतीन लिटर उडणार, 5 किलो माल्ट चारेक लिटर पिऊन बसणार. म्हणजे सुरुवातीला 29 लिटर पाणी. त्यात माल्टचे 5 किलो आणि पातेल्याचे 5 धरले की 39 किलो. उकळून झाल्यावरही साडेएकवीस लिटर वर्ट (माल्टचा गोड अर्क) उरतो. 1.050 घनतेला त्याचे साडेबावीस किलो होतात, पातेल्यासकट सत्तावीस-अठ्ठावीस, तेही चटका देणारे. भरलेला 19 लिटरचा केग 23 किलोच्या पुढे. ओथंबलेली माल्टची पिशवी वर काढताना 12 ते 15 किलो, आणि ती उचलायची हात लांब करून, वाफेवर. पाठ धरते ती बहुतेक याच क्षणी, पातेलं उचलताना नाही.

एवढं मांडल्यावर तीन मजली गुरुत्व-स्टँडचा (भांडी एकाखाली एक, द्रव आपोआप खाली) विचार सोडला. पंप लागत नाही हे खरं, पण सगळ्यात वरचं भांडं डोक्याच्या उंचीला जातं. पाणी तिथे बादलीने चढवायचं असेल तर मूळ प्रश्न तसाच राहतो, शिवाय गरम पाण्याचा धोका वाढतो.

स्टँडची उंची

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो घालवावाच. दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. पातेल्याचा व्हॉल्व्ह फर्मेंटरच्या तोंडापेक्षा वर असेल तर वर्ट आपोआप उतरतो. पण पातेलं फार वर गेलं तर काठ छातीला येतो, आत दिसत नाही आणि उतू गेलं की थेट अंगावर.

आकडे असे बसले: 45 सेंमी उंचीची फर्मेंटरची बादली चाकांच्या पाटावर ठेवली की तोंड 57 सेंमीला. स्टँडचा वरचा पृष्ठभाग 65 सेंमी, व्हॉल्व्ह त्याच्या 5 सेंमी वर, म्हणजे 70. फरक 13 सेंमीचा. धार जोरात नाही, पण वर्ट पूर्ण उतरतो. 38 लिटरच्या पातेल्याचा काठ 102 सेंमीला येतो. तिथे ढवळताना कोपर खांद्याच्या वर जात नाही. स्टँड 50 सेंमीचं करून पाहिलं तर शेवटचे काही लिटर बादलीत उतरतच नाहीत, आणि मग पातेलं तिरकं करायचा मोह होतो. तो मोह म्हणजेच 27 किलो.

स्टँड पोलादी चौकोनी नळीचं, भार 80 किलो धरून. आडव्या पट्ट्या चारही बाजूंनी हव्यात, नुसते पाय झोके खातात. गॅसचा बर्नर असेल तर काम उघड्यावरच; बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो.

पाणी

अन्नासाठीची नळी थेट नळापासून पातेल्यात. बागेची नळी नको, प्लॅस्टिकचा वास बिअरपर्यंत पोहोचतो. पातेल्यात दर लिटरला खूण केलेली काठी ठेवली की बादलीने मोजायची गरज उरत नाही.

पिशवीसाठी कप्पी

भरलेली पिशवी टांगल्यावर साधारण 60 सेंमी लांब होते. तिचा तळ काठाच्या वर 5 ते 10 सेंमी यायला हवा, म्हणजे हूक 172 सेंमीच्या आसपास. कप्प्यांचा संच स्वतः 35-40 सेंमी घेतो, म्हणून अडकवायची जागा किमान 2.15 मीटरवर. तुळईला आरपार बोल्टने डोळा बसवला. छताच्या गिलाव्यातला स्क्रू इथे चालत नाही. तुळई नसेल तर दुहेरी घोडी पातेल्यावर उभी करून वरच्या पायरीखाली दांडी.

2:1 कप्पीत 15 किलोचे साडेसात होतात, घर्षणामुळे थोडे जास्तच. पिशवी 50 सेंमी उचलायला 1 मीटर दोर ओढावा लागतो. 4:1 मध्ये जोर चारेक किलोचा, दोर 2 मीटर. आम्ही 4:1 ठेवली, कारण एका हाताने ओढून दुसऱ्या हाताने पिशवी काठापासून सोडवता येते. दोर आपोआप अडकवणारी रॅचेट कप्पी सोयीची, पण वाफेने ओला झालेला दोर कधीकधी दातांतून सरकतो. त्यामुळे वर गेल्यावर दोराचा एक फेरा क्लीटला (दोर गुंडाळायच्या खुंटीला) घालायचाच. पिशवीच्या खाली हात घालून पिळायचं नाही. बाजूने, लांब हातमोजे घालून, किंवा सरळ 30 ते 45 मिनिटं निथळू द्यायची. पिशवीला चारही बाजूंनी तळाखालून शिवलेल्या पट्ट्या हव्यात. नुसत्या गाठीवर टांगली की शिवण तळाकडून उसवते.

निथळलेली पिशवी सात-आठ किलो. पातेल्याच्या तोंडावर जाळी सरकवायची, पिशवी तिच्यावर टेकवायची आणि चोथा डावाने दोन बादल्यांत.

पंप

उतरणीवर भागत असेल तर पंपाची गरज कुठे? मॅश (गरम पाण्यात भिजलेलं माल्ट) फिरवायला, थंड करताना वर्ट घुसळायला आणि धुवायला. चुंबकीय पंप घेतला, 120 अंशांपर्यंत चालणारा. हा पंप स्वतः पाणी ओढून घेत नाही, हे विसरलं की पहिल्याच दिवशी तो खराब आहे असं वाटतं. त्याची जागा पातेल्याच्या व्हॉल्व्हपेक्षा किमान 30 सेंमी खाली, पंपाच्या डोक्याचं बाहेर जाणारं तोंड वर. आधी दोन्ही व्हॉल्व्ह उघडून डोकं वर्टने भरू द्यायचं, मग बटण.

घरघर सुरू झाली आणि धार थांबली तर पंपाने हवा धरली. बंद करा, बाहेरची नळी क्षणभर खाली करून बुडबुडे जाऊ द्या, पुन्हा चालू. वेग कमी करायचा तर बाहेरच्या बाजूच्या व्हॉल्व्हनेच. आतली बाजू आवळली की तिथला दाब पडतो आणि उकळीच्या जवळचा वर्ट पंपातच वाफ होतो. म्हणून आतली नळी आखूड, 12 मिमी आतल्या व्यासाची, वळणं न देता. कोरडा पंप चालवला तर बेअरिंग जातं.

जोडणी स्टेनलेस कॅमलॉकची (खटक्याने चटकन लागणारे नळीचे जोड). अॅल्युमिनियमचे स्वस्त मिळतात, पण कॉस्टिक धुण्याने ते काळे पडून झिजतात. नळी सोडण्याआधी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद. वायर प्लगच्या आधी खाली झोल देऊन घेतली, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडतात. लाइनवर आरसीडी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहेच.

थंड करायला तांब्याचं वेटोळं, उकळीच्या शेवटच्या 15 मिनिटांत आत सोडलेलं. वजन किलो-दोन किलो. पातेलं जागेवरच.

फर्मेंटर

काचेची बरणी बाद. ओल्या हातातून सुटली तर जखम ठरलेली. चाकांचा पाट 75 मिमी चाकांचा, दोन चाकांना ब्रेक. 40 मिमीची चाकं फरशीच्या सांध्यात अडकतात, बादली पुढे झुकते आणि एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडून हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेतलं) पाणी आत ओढलं जातं.

उभ्या फ्रिजच्या दाराशी 9 सेंमीचा उंबरा होता. तेवढ्याच उंचीची उतरती फळी करून पाट सरळ आत सरकतो. फळी 60 सेंमी लांब घेतली. 30 सेंमीची फार खडी पडली, ढकलायला गुडघा लावावा लागतो.

केगमध्ये भरताना फर्मेंटर वर चढवणं टाळायचं तर तो दाब सोसणारा हवा. 1 मीटर चढायला 0.1 बार पुरतो. नळीतलं घर्षण धरून 0.15 बार ठेवला. साध्या प्लॅस्टिकच्या बादलीला हा प्रयोग नको, झाकण उडतं. केग आधीच त्याच्या कायमच्या जागी, फ्रिजच्या खालच्या खणात. नळी त्याच्याकडे जाते.

बाकी आहे

धुणं. पातेलं मोरीपर्यंत न्यायला नको म्हणून पंपाने फिरणारं गरम द्रावण आणि झाकणाला फवारणीचा गोळा बसवायचा आहे. आजमावून पाहिलेला गोळा खालच्या व्हॉल्व्हच्या मागची जागा सोडतो. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) हिरवा थर तिथेच चिकटतो. तीन भागांचा बॉल व्हॉल्व्ह पान्याने उघडून ब्रशने घासावा लागतो, दर तिसऱ्या बॅचला.