गोल्फमध्ये ड्रायव्हर मारल्यावर टी काय सांगते: नागपूरच्या मातीतला माझा अनुभव

गोल्फमध्ये ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, मारला की सगळ्यांची नजर चेंडूमागे जाते. माझीही जायची. चेंडू गरजेपेक्षा उंच चढायचा, उजवीकडे वळायचा आणि फेअरवे (बारीक कापलेल्या गवताची मुख्य पट्टी) सोडून उंच गवतात पडायचा. तेवढ्यावरून डोकं उचललं गेलं का, घाई झाली का, ग्रिप घट्ट होती का, असे तर्क सुरू व्हायचे. आमच्या मैदानावर एक जुने कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे मदतनीस) आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. एकदा त्यांनी मला थांबवलं. "ताई, चेंडू काहून पाहून राहिल्या? तो तर गेला. टी पाहा ना!"

टी, म्हणजे चेंडू ठेवायला जमिनीत खोचतात ती काडी, मानेपाशी मोडली होती. वरचा तुकडा माझ्या पुढे, निशाणाच्या दिशेला पडला होता, खालचा मातीतच उभा होता. काकांनी तो बोटाने हलवून पाहिला आणि म्हणाले, "वरून मारून राहिल्या तुम्ही." तिथून मी टी वाचायला लागले. यातलं बरंच काही शिकवणीत कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी साधं गणित. गोल्फच्या चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असावा लागतो, म्हणजे मध्यापासून तळापर्यंत साधारण २१ मिलिमीटर. माझ्या ड्रायव्हरचा फेस, म्हणजे चेंडूवर बसणारी पुढची बाजू, मी पट्टीने मोजला, मधोमध उंची सुमारे ५६ मिलिमीटर भरली. त्याच्या मध्यापासून खालची कड २८ मिलिमीटरवर. चेंडूचा मध्य फेसच्या बरोबर मध्यावर लागला, तर फेसची खालची कड चेंडूच्या तळापेक्षा ७ मिलिमीटर खाली असणार. म्हणजे अगदी नेमक्या बसलेल्या शॉटलाही टीचं वरचं टोक क्लबला लागणारच. हे कळल्यावर माझी एक मोठी समजूत बदलली. टी जागची हलली नाही की शॉट झकास, असं रेंजवर (सरावाच्या जागेवर) सर्रास बोललं जातं. टीला क्लबचा स्पर्शच झाला नसेल तर बहुतेक वेळा चेंडू फेसच्या खालच्या भागावर लागलेला असतो. असा चेंडू कमी उंचीवर निघतो, त्याच्यावर बॅकस्पिन (उलटी फिरकी) जास्त येतो आणि अंतर जातं.

मग टी नक्की कशाची साक्ष देते? क्लब तिच्यापाशी किती उंचीवर होता आणि वर जात होता की खाली येत होता, याची. झोक्याला जसा सगळ्यात खालचा बिंदू असतो तसा स्विंगलाही असतो. आयर्न (लोखंडी पात्याचा क्लब) मारताना तो बिंदू चेंडूच्या पुढे हवा, म्हणून डिव्हट (उखडलेल्या मातीचा खळगा) चेंडूच्या पुढे पडतो. ड्रायव्हरला तो चेंडूच्या थोडा मागे असला तर क्लब वर चढता चढता चेंडूला भेटतो. ड्रायव्हरचं डोकं पुढून मागे ११ सेंटीमीटरच्या आसपास लांब असतं. ते ३ अंशांनी खाली येत असेल तर तेवढ्या अंतरात ते ५ ते ६ मिलिमीटर आणखी खाली उतरतं. चेंडू तोवर सुटलेला असतो, कारण फेस आणि चेंडू यांची गाठ सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरतीच असते. टी मात्र अजून तिथेच उभी असते आणि सगळा भार तिच्या मानेवर येतो. ती मोडते किंवा उपटून पुढे फेकली जाते. उलट क्लब वर चढत असेल तर टीच्या टोकाला चाटून तो निघून जातो.

काळजी घ्यायची ती इथेच. टी कुठे पडली एवढ्यावरूनच निदान करू नये, कारण त्यात माती ढवळाढवळ करते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, टीला चिकटून बसते. टीचं वरचं टोक क्लबने पुढे ढकललं आणि खालचा भाग मातीने धरून ठेवला, की वाकलेलं लाकूड परत सरळ होताना उसळतं आणि टी मागे येऊन पडते. रेंजवर याला फार मान आहे, टी मागे पडली की शाबासकी मिळते. पण तोच स्विंग भुसभुशीत मातीत केला तर टी सहज पुढे निघून जाईल. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, माती आकसून तिला भेगा पडतात. टी आत जावी म्हणून आधी खिळ्याने भोक पाडावं लागतं, आणि त्या सैल भोकातून टी जरा धक्का लागला तरी निघते. मे महिन्यातल्या टीच्या दिशेवरून मी काहीच ठरवत नाही.

म्हणून मी आधी परिस्थिती एकसारखी केली. टीच्या दांड्यावर पेनने रेघ मारली आणि दरवेळी त्या रेघेपर्यंतच टी खोचली. ड्रायव्हर मागे टेकवल्यावर चेंडूचा अर्धा भाग क्राऊनच्या (क्लबच्या डोक्याच्या वरच्या बाजूच्या) वर दिसावा, ही नेहमीची उंची ठरवली. नियमाने टीची लांबी ४ इंचांपर्यंत चालते, पण मला पावणेतीन इंचांची पुरते. टी लाकडाची आणि गडद रंगाची घेतली. फेसवर ओलसर फडकं फिरवून त्यावर हलकेच घामोळ्याची पावडर भुरभुरली. नागपुरात ती कुणाच्या घरी नसते? चेंडू फेसवर कुठे बसला त्याचा गोल ठसा तिच्यात स्वच्छ उमटतो.

टी आणि ठसा एकत्र पाहिल्यावर चित्र उलगडायला लागलं. माझा ठसा फेसच्या वरच्या कडेजवळ यायचा, काही वेळा तर क्राऊनवर चेंडूची पांढरी खूण राहायची, आणि टी मोडलेली. क्लब उतरता येत होता आणि चेंडूच्या खाली घुसत होता. चेंडू उंच का चढतो, याचं उत्तर मिळालं. टी थोडी खाली खोचून क्राऊनवरची खूण घालवता आली असती, पण मूळ उतार तसाच राहिला असता.

उपाय मोठे नव्हते. चेंडू माझ्या स्टान्समध्ये (उभं राहण्याच्या पवित्र्यात) बराच मधे होता, तो डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला नेला. उभं राहतानाच उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली ठेवला, म्हणजे पाठीचा कणा निशाणापासून किंचित कलतो. हातांनी चेंडू उचलायचा प्रयत्न मुळीच केला नाही, कारण त्याने टॉप बसतो, म्हणजे फटका चेंडूच्या फक्त वरच्या भागाला लागतो.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रिकाम्या टीचा. चेंडू न ठेवता नेहमीच्या उंचीवर टी खोचायची आणि ड्रायव्हरने फक्त तिचं टोक उडवायचं. जमिनीला क्लब लागता कामा नये, टी मधून मोडता कामा नये. नेमका बसला तर बारीक 'टक्' आवाज येतो आणि टी एक तर जागेवर कलते किंवा गिरकी घेते. चेंडू नसल्यामुळे जोर लावायची हाव सुटते आणि शरीर आपोआप क्लबच्या तळाचा अंदाज घेतं. हे जमायला लागल्यावर पुढे वीतभर अंतरावर चेंडूंचं रिकामं खोकं आडवं ठेवलं. क्लब उतरता आला तर खोकं उडतं, चढता गेला तर वाचतं. हिवाळ्यातल्या सकाळी, गवतावर दव असताना, मी हा सराव खूप केला आणि अजूनही खेळायच्या आधी करते.

उंची आटोक्यात आली. ठसा फेसच्या मध्याच्या जरासा वर यायला लागला, आणि ती ड्रायव्हरसाठी उत्तम जागा आहे, कारण तिथून चेंडू उंच निघतो आणि बॅकस्पिन कमी राहतो. पण उजवीकडचं वळण गेलं नाही. त्याचं कारण कळलं सोलवरून, म्हणजे क्लबच्या डोक्याच्या तळावरून.

रंगीत टी लागली की ड्रायव्हरच्या सोलवर तिचा रंग रेघेसारखा उठतो. आपण तो पुसून टाकतो. पुसायच्या आधी क्लब उलटा धरून बघा. रेघ फेसच्या कडेपासून सरळ मागे जात असेल तर फेस ज्या दिशेला बघतोय त्याच दिशेला क्लब चालला होता. माझी रेघ मागे जाता जाता 'टो'कडे (दांड्यापासून दूरच्या टोकाकडे) झुकायची. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की फेसच्या मानाने क्लबचा मार्ग बाहेरून आत आहे, किंवा मार्ग ठीक आहे पण फेस उघडा (उजवीकडे वळलेला) आहे. चेंडू हवेत वळतो तो याच फरकामुळे. रेघ हीलकडे (दांड्याच्या बाजूला) झुकली तर चेंडू डावीकडे वळणार. फक्त ठसा टो किंवा हीलवर असेल तर ही खूण फसवते, कारण मध्य सोडून बसलेला चेंडू फेसच्या फिरण्यामुळे वेगळा स्पिन घेतो. माझा ठसा मध्यावर होता, म्हणून रेघेवर विश्वास टाकता आला. डावा हात ग्रिपवर किंचित उजवीकडे फिरवला तशी रेघ सरळ होऊ लागली. क्लबच्या मार्गाचं काम मात्र सावकाश चाललं आहे.

रेघेची लांबीही पाहते. सोलभर लांब रेघ म्हणजे क्लब टीवर दाबत गेला, फक्त पुढच्या कडेपाशी आखूड रेघ म्हणजे टोकाला चाटून वर गेला. मातीचा यात फारसा हात नसतो, म्हणून उन्हाळ्यातही हीच खूण उपयोगी पडते.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. क्लब उतरता येणं हा काही गुन्हा नाही. अमेरिकेतल्या पुरुष व्यावसायिकांच्या ड्रायव्हरची सरासरी साधारण १ अंश उतरतीच भरते, तर तिथल्या महिला व्यावसायिकांची सुमारे ३ अंश चढती. ज्यांचा क्लब फार वेगाने फिरत नाही त्यांना चढत्या फटक्याने अंतर जास्त मिळतं, आणि आपण बहुतेक हौशी खेळाडू याच गटातले. रेंजवर पुरुष मंडळींना हे सांगितलं की बरं वाटत नाही, पण निदान ड्रायव्हरच्या बाबतीत शिकायचं तर महिलांचे स्विंग बघून शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

या लाकडी काडीचा इतिहासही मला भावला. आधी ओल्या वाळूची ढेकळी करून त्यावर चेंडू ठेवत. १८९९ साली बॉस्टनच्या डॉ. जॉर्ज ग्रँट या कृष्णवर्णीय दंतवैद्यांनी लाकडी टीचं पेटंट घेतलं, आणि पुढे १९२० च्या दशकात ती घरोघरी पोचवली तेही न्यू जर्सीचे एक दंतवैद्यच, डॉ. विल्यम लोवेल.

टी विकत घेताना एवढं बघा: बांबूची बिनरंगी टी टिकते पण सोलवर रेघ उठवत नाही. प्लॅस्टिकची टी मोडायच्या ऐवजी वाकते, त्यामुळे फटका उतरता होता की नाही ते कळत नाही. रेंजच्या मॅटवरची रबरी टी तर जागची हलतच नाही, तिथे फेसवरच्या पावडरीवरच भिस्त ठेवावी. सरावाला गडद रंगाच्या साध्या लाकडी टी वापरा. मोडलेले तुकडे टी बॉक्सवर (पहिला फटका मारायच्या जागेवर) टाकून येऊ नका, गवत कापायच्या यंत्राच्या पात्यांना ते घातक असतात.