मांडवा ते रत्नागिरी सायकलवर: शनिवारी अलिबागेत पाऊल ठेवू नका

लातूरला परत येऊन आज तिसरा दिवस. डाव्या हाताची करंगळी अजून बधिर आहे, शर्टाचं बटण लावताना जाणवतं. तरी आजच लिहायला बसलोय, कारण दिवाळीनंतर आपल्याकडची आणखी काही मंडळी याच वाटेनं निघायच्या तयारीत आहेत आणि त्यांनाही तेच सांगितलं जातंय जे आम्हाला सांगितलं होतं: "दसरा झाला की दिवाळीपर्यंत कोकण मोकळं असतं. समुद्राच्या कडेनं सरळ सपाट रस्ता आहे, खोल्या अर्ध्या भावात मिळतात."

यातली खोल्यांची गोष्ट सोमवार ते गुरुवार खरी आहे. बाकीचं खोटं.

आम्ही तिघं होतो. मी, माझा मावसभाऊ (सोयाबीनची रास उरकून आदल्या दिवशी शेतातून आलेला) आणि आमचे गणिताचे सर. लातूर-तुळजापूर एका दमात करणाऱ्यांसाठीच हे लिहितोय, त्यामुळे पंक्चर कसं काढायचं, पॅनियर (कॅरिअरच्या पिशव्या) कसे बांधायचे हे सांगत बसत नाही.

पहिली चूक लातुरातच झाली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी रात्री, लातूर-मुंबई गाडीत बसलो. सायकली पार्सल ऑफिसात बुक केल्या. दोन तास आधी जा, तिकीट सोबत ठेवा, पेडल काढा, मागच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या भागाला) जाड पुठ्ठा बांधा, आणि डब्यात सायकल चढवताना स्वतः उभे राहा. इथपर्यंत सगळं नीट झालं. पण शुक्रवारी रात्री निघालं की शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरणार, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं (गाड्या नेणाऱ्या बोटीनं) मांडव्याला जाणार आणि अलिबाग गाठेपर्यंत शनिवारची दुपार होणार. त्यात दसऱ्याला जोडून आलेला शनिवार. सगळी मुंबई आणि पुणं त्याच दुपारी त्याच रस्त्यावर होतं.

रो-रोला दोष नाही. सायकल नेता येते, वारा लागतो, तासाभरात मांडवा. मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर, तेही ठीक. खरा त्रास अलिबागच्या पुढं, अक्षी, नागाव, चौल करत रेवदंड्यापर्यंत. जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर. आपल्याकडं हे अंतर म्हणजे पाऊण तास. आम्हाला सव्वादोन तास लागले.

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, त्यामागं नारळी-पोफळीच्या वाड्या. वाड्यांच्या मधे आता रिसॉर्ट, कॉटेज, स्विमिंग पूलवाले बंगले. समुद्र दोनशे पावलांवर असेल, पण दिसत नाही. दिसतात त्या पाट्या. रस्त्याला साइडपट्टी नावालाही नाही. नांदेडच्या रस्त्यावर ट्रक अंगावर आला तर आपण खाली मुरमावर उतरतो. इथं उतरायचं कुठं? डावीकडं गडगा, उजवीकडं गाडी. पावसाळ्यानं पडलेले खड्डे अजून भरलेले नव्हते, त्यामुळे समोरची गाडी खड्डा चुकवायला आपल्या बाजूला येते आणि मागची हॉर्नवर हात ठेवून असते.

नागावच्या पुढं एका वळणावर मागून आलेल्या गाडीचा आरसा सरांच्या कोपराला लागून मिटला. सर पडले नाहीत, गडग्याला टेकले. चिऱ्याला घासून खांद्यापासून कोपरापर्यंत कातडं सोललं, त्यात लाल भुकटी बसली. गाडीवाल्यानं काच खाली केली, आरसा हातानं सरळ केला आणि निघून गेला. आम्ही त्या गडग्याशीच बाटलीतल्या पाण्यानं जखम धुतली, तेव्हाही शेजारून गाड्या अंग चोरून जायला तयार नव्हत्या. त्या वीस मिनिटांत मी सरांना तीनदा म्हटलं, परत फिरू. सर म्हणाले, "परत फिरलो तरी हाच रस्ता आहे."

म्हणून निकाल स्पष्ट सांगतो. लातुरातून रविवारी रात्री निघा. सोमवारी दुपारी अलिबागेत मुक्काम करा आणि मंगळवारी पहाटे साडेपाचला लाइट लावून हा टप्पा उरकून टाका. सुट्टी फक्त शनिवार-रविवारचीच मिळत असेल तर मांडवा-रेवदंडा भाग सोडूनच द्या, सरळ श्रीवर्धनपासून सुरू करा. या किनाऱ्यावर सीझन महिन्यावर नसतो, वारावर असतो. हे एवढं कळायला आम्हाला सरांचं कातडं द्यावं लागलं.

पैशाचंही त्याच दिवशी. रेवदंड्याच्या अलीकडं अंधार पडायला आला, जखम ओली, पाच ठिकाणी विचारलं. शेवटी एका घरगुती निवासात तिघांना मिळून एका खोलीचे 4500 रुपये, जेवण वेगळं, आणि पडवीत सायकली ठेवायचे दर सायकल 100. पंखा कुरकुरत होता. सोमवारी याच्यापेक्षा चांगली खोली आम्हाला 1200 ला मिळाली, सायकली मालकीणबाईंनी स्वतःच्या ओटीवर घ्यायला लावल्या. जाताना रक्कम आधी ठरवून, "सायकलीसकट" हा शब्द तोंडानं वदवून घ्या.

रविवारी पहाटे निघालो. कोर्लई, काशीद, मुरूड, तिथून आगरदांडा, जेट्टीवरून खाडी ओलांडून दिघी, मग दिवेआगर. मुरुडच्या पुढं जंजिरा दिसतो. छान दिवस गेला.

आता सपाट रस्त्याबद्दल. नकाशावर रेघ समुद्राला चिकटून जाते म्हणून फसू नका. कोकणचा किनारा खाड्यांनी कापलेला आहे. दर खाडीशी समुद्रसपाटीला उतरायचं, तरीत (खाडी ओलांडणाऱ्या बोटीत) बसायचं, पलीकडं पुन्हा सड्यावर चढायचं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. वर सावलीला झाड नाही. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं नाव चाळीस वर्षं ऐकतोय, पण बाणकोट खाडीवरचा पूल अर्धवट उभा आहे आणि बागमांडल्याहून वेसवीला आजही जंगल जेट्टीच, म्हणजे गाड्या नेणारी तरच, घ्यावी लागते. आपल्या बालाघाटातला चढ लांब असतो, पण एका लयीत चढतो. हे चढ आखूड आहेत, एक-दोन किलोमीटरचे, आणि भिंतीसारखे. दाभोळ ओलांडून धोपाव्याला उतरलात की जेट्टीपासूनच जो चढ लागतो, तो भरल्या सायकलीला सर्वांत लहान गिअरवरही जड जातो. तावसाळहून जयगडला उतरलं की तसाच. पुढचं सर्वांत लहान चक्र 34 दात्यांचं असेल तर मागं सर्वांत मोठं चक्र 34 दात्यांचं असलेलं कॅसेट (चक्रांचा संच) टाकूनच निघा. ब्रेकचे पॅड नवे घ्या आणि एक जोड खिशात ठेवा. आपल्याकडं वर्षभर पॅड जात नाहीत. माझे पाचव्या दिवशी धातूला लागले.

उन्हाचं तर मी कुणाला पटवून सांगू शकलो नव्हतो, स्वतः भोगल्यावर कळलं. मे महिन्यात 42 डिग्रीत औशाला जाऊन येणारे आपण. तिथं पारा 33 च्या आसपास होता, म्हटलं यात काय. पण आपल्याकडं घाम अंगावरच सुकतो, आणि सुकताना अंग गार करतो. तिथं हवाच इतकी ओली की घाम सुकत नाही, नुसता ओघळत राहतो, आणि अंग आतून तापत जातं. हरिहरेश्वरच्या अलीकडं मावसभाऊ चढावर थांबला आणि म्हणाला, "डोळ्यापुढं काळं येतंय रे." हा माणूस एप्रिलात दिवसभर ऊस तोडून घेतो. एका दिवशी मी सात लिटर पाणी प्यालो, तरी लघवी पिवळीच होती. नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसची पुडी तासाला एक, सोबत शेंगदाण्याची चिक्की आणि लिंबू-मीठ. साडेपाचला निघा, साडेदहाला जिथं असाल तिथं सावली धरा, चारनंतर पुन्हा निघा. दुपारी निघण्याचा हट्ट करू नका. दुपारनंतर परतीच्या पावसाचे ढग भरून येतात, विजा सड्यावर थेट पडतात आणि तिथं सर्वांत उंच तुम्हीच असता. आम्ही एकदा गुहागरच्या पुढं अर्धा तास एका एसटीच्या शेडमध्ये काढला.

चार वाजेपर्यंत काढायचे कुठं? इथं ऑफ-सीझनची दुसरी बाजू लागते. खानावळीच्या पाट्या जागोजागी, पण सोमवार ते गुरुवार चूल पेटलेली नसते. आधी फोन केला तरच जेवण. "काल सांगितलं असतंत तर बांगडे आणून ठेवले असते," हे वाक्य आम्ही दोन गावांत ऐकलं. सकाळी निघतानाच पुढच्या गावी फोन लावा, माणसं किती, शाकाहारी किती ते सांगा. मासे ऑक्टोबरात ताजे मिळतात, कारण 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी उठून होड्या नियमित जात असतात. स्वस्तात म्हणून जून ते ऑगस्ट जायचा विचार असेल तर जाऊ नका: गेटवेच्या लाँच बंद, जंजिऱ्याच्या होड्या बंद, जुलैअखेरपर्यंत ताजी मासळी मुश्किलीनं, आणि रस्त्यावर शेवाळ.

शेवाळाचं वेगळं सांगावं लागेल, कारण ते ऑक्टोबरातही होतं. झाडीतल्या उतारावर डांबराच्या कडेला काळसर पट्टा दिसतो, तो ओला रस्ता वाटतो. तो रस्ता नसतो, शेवाळ असतं. गाडीचं चाक जिथून जातं त्याच रेषेत राहा. सर्वांत वाईट जेट्टीचा उतार. मंगळवारी दाभोळला पोचायला संध्याकाळचे सहा वाजले. आदल्या रात्री कोजागिरी झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस, आणि पाणी पूर्ण ओसरलेलं. एरवी पाण्याखाली असणारा धक्क्याचा खालचा भाग उघडा पडला होता, हिरवागार, वर मोटारींच्या ऑइलचे डाग. मावसभावाच्या बुटांना क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे तळाचे कडक तुकडे. दुसऱ्याच पावलाला पाय सटकला, तो गुडघ्यावर आणि सायकल त्याच्या अंगावर. तरीवरच्या एका काकांनी हँडल धरलं म्हणून दोघंही पाण्यात गेले नाहीत. काका म्हणाले, "भाऊ, तिथी बघून यायचं असतं."

त्यांनीच हिशेब शिकवला. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ, साधारणपणे. चतुर्थी असेल तर बारा भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती. त्याच्या सहा तास पुढं-मागं ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी फार वर येतं आणि फार खाली जातं. अष्टमीच्या आसपास, ज्याला तिकडं भांग म्हणतात, फरक कमी. सरांनी जेट्टीवर उभ्याउभ्या सगळ्या तिथींचं कोष्टक वहीत मांडलं. आगरदांडा, बागमांडला, दाभोळ, तावसाळ या चारही तरींवर ओहोटी टाळून पोचता येईल असा दिवस आखा, आणि जेट्टीवर क्लीटचे बूट काढून चप्पल घाला.

दापोलीजवळ आसूदच्या घाटात मी थकलो, गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या उतारावर सगळं विसरलो. रत्नागिरीहून तिघांत पिकअप ठरवून आंबा घाटानं मिरज गाठलं, आणि मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत लातूर. 2016 च्या टंचाईत याच रुळांवरून आपल्याला टँकरच्या वाघिणींनी पाणी आलं होतं. मावसभाऊ खिडकीशी रिकामी बाटली धरून बसला होता, ती त्यानं कुर्डुवाडीला भरून घेतली.

एक राहिलं. दिवेआगरला आम्ही पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) सायकली चालवल्या, फोटोसाठी. चालवू नका. त्याच रात्री गोड्या पाण्यानं धुतल्या, चेनला तेल दिलं, तरी काल मिस्त्रीनं माझं मागचं हब (चाकाचा मधला भाग) उघडलं तर ग्रीस राखाडी झालेलं, बोटावर घेतलं की वाळू करकरते. बेअरिंग बदलायला टाकलीत. सरांच्या सायकलीचं हब आज उघडणार आहे.